गुडघ्याले लावलेली कडी

सुदामा,

तुले गाडीत ठेवायच्या वेळेस तुझी पोरगी सुजाता मले म्हणाली, "काका, तुमी पायाकडून धरा."

मी धरलं. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. पन्नास वर्षं सुतारकी केली मी. ओंडका नुसता पाहून सांगतो, किती भरंल. तुझ्या बाबतीत अंदाज चुकला. वाटलं होतं जड जाशील, तू हलका निघाला. मग तूच एकदा सांगितलेलं आठवलं, की मांडीचं हाड आतून बांबूसारखं पोकळ असते, म्हणून माणसाले स्वतःचे पाय ओझं वाटत नाहीत. जाता जाता बी तुझंच खरं करून गेला.

गाडी मेडिकल कॉलेजची होती. जिथं तू अटेंडंट म्हणून उमर काढली, पोरांच्या शिकायची हाडं पुसली, मोजली, कपाटात लावली, तिथंच तू चालला होता. देहदानाचा कागद तू कधीचाच भरून ठेवला होता, हे साऱ्या गावाले माहीत. तरी ओट्यावर बसलेले कुजबुजून राह्यले होते की राख नाही, अस्थी नाही, हे कसं जाणं. मलेही ते कधी पटलं नव्हतं, अन् खरं सांगतो, आजही पुरतं पटलेलं नाही. पण त्या वेळी माझं ध्यान तिकडं नव्हतंच. माझ्या तळहातावर तुझा उजवा गुडघा होता. ज्या गुडघ्यावरून आपण भांडलो, अन् शेवटचे चार महिने एकमेकांशी धड बोललो नाही, तो माझ्या हातात होता, अन् मी तो दुसऱ्याच्या हवाली करून राह्यलो होतो.

सुजाता म्हणते, पुण्यानुमोदनाले दोन शब्द बोला. मले चार माणसांत उभं राहून बोलता येत नाही. चौथीतून शाळा सुटली ती सुटली. म्हणून लिहून आणलं. अक्षर लागलं नाही तं वाचणारानं मले विचारावं, आपल्या मनानं भरू नये.

*

कॉलेजात तू मले पहिल्यांदा नेलं ते पेट्या दुरुस्त करायले. तिथं पोरायले अभ्यासाले हाडं लाकडाच्या पेटीत घालून देत, अन् साऱ्या पेट्यांची झाकणं लोंबत होती. तुझ्या साहेबाले तू सांगितलं होतं, आमच्या गावचा मिस्त्री आहे, बिजागरीत त्याचा हात कोणी धरत नाही. ही गोष्ट तू शेलूबाजारच्या स्टँडवर मले सांगितली, अन् मी एसटीत सारा रस्ता छाती काढून बसलो.

पेट्या रिकाम्या नाहीत, हे मात्र तू सांगितलं नाही.

मी दाराशीच थबकलो. म्हटलं, आधी आतलं सामान बाहेर काढ. तू म्हणाला, याले सामान नाही म्हणायचं, हे मास्तर आहेत, डॉक्टर होणारी पोरं यायच्याच जवळ शिकतात. मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाला, "भेव लागून राह्यलं का मिस्त्री? लाकूड समजून पाह्य."

मी म्हटलं, मले कायचं भेव. अन् असं म्हटल्यावर मग हात लावणं आलं.

तू मांडीचं हाड माझ्या हातात दिलं. मी कोणत्याही लाकडाचं पहिलं जे करतो तेच केलं, उजेडाकडं धरून एक डोळा मिटला अन् बाक पाहिला. सरळ नव्हतं ते. पुढच्या बाजूले जरासा फुगीर बाक होता, हातात धरायच्या काठीले असते तसा. वरच्या टोकाले मोठ्या लिंबाएवढा गोळा, असा गोल की मले माझ्या खरादावरच्या कामाची लाज वाटली. पण तो गोळा दांड्याच्या डोक्यावर सरळ बसलेला नव्हता. एका तिरप्या मानेवर, बाजूले कलून. मी तुले लगेच म्हटलं, हे कच्चं काम आहे. भार वरून येते अन् मान तिरपी, हे इथंच मोडणार.

तू हसला नाही. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचं इथंच मोडते, तुले एका नजरेत कसं समजलं? अन् उठून कपाटातून दुसरं हाड आणलं. तेच हाड, पण उभं चिरलेलं, आतलं दिसंल असं.

सुदामा, मी देवळात गेलो, जत्रेत गेलो, काळ्या दगडात घडवलेल्या मूर्ती पाहिल्या. पण हात जोडले जावे असं मले जे दिसलं ते त्या चिरलेल्या हाडात दिसलं. आत जाळी होती. बारीक, मधमाशीच्या पोळ्यापेक्षा बारीक. अन् ती जाळी कशीतरी पसरलेली नव्हती. गोळ्याच्या माथ्यापासून रेषा निघत होत्या, मानेतून वळत होत्या, अन् दांड्याच्या आतल्या बाजूले येऊन मिळत होत्या. दुसऱ्या रेषा कमानीसारख्या त्यायले आडव्या जात होत्या. जिथून भार येते तिथून रेष, जिकडं भार जाते तिकडं रेष.

मी तिथंच स्टुलावर बसलो. तू घाबरला, पाणी देऊ का म्हणाला. मले पाणी नको होतं. मले माझा बाप आठवला होता. बाप नांगराचं लाकूड निवडायले मले बाभळीच्या बनात न्यायचा, अन् शंभर झाडं सोडून एका झाडाजवळ थांबायचा, ज्याची फांदी जन्मतःच वाकलेली आहे. सरळ लाकूड तासून वाकडं केलं तं रेष तुटते, म्हणायचा, अन् पहिल्या कडक भुईत नांगर मोडते. लाकूड वाढतानाच वाकलेलं पाहिजे, म्हणजे रेषही त्याच्यासंगं वळते. हे आमच्या घराण्याचं इंगित होतं, बापानं मले सांगितलं, त्याले त्याच्या बापानं. अन् तेच इंगित त्या हाडात होतं. माझ्या हाडात होतं, तुझ्या हाडात होतं, झाडू मारणाऱ्या बाईच्या हाडात होतं. आमी ते बनात जाऊन शोधत होतो अन् मांडीत घेऊन फिरत होतो.

"कोण असंल रे हा मिस्त्री?" मी तुले विचारलं. माझं उत्तर मले माहीत होतं. आमी सुतार, विश्वकर्म्याले मानणारे.

तू म्हणाला, "कोणी नाही. जसा भार पडत गेला तसं हाड होत गेलं. जो पाय चालला त्याचं हाड पक्कं झालं."

त्यावर आपलं जे वाजलं ते परतीच्या गाडीत शेलूबाजार येईपर्यंत वाजलं. कंडक्टरनं सांगितलं, बाबा, उतरून भांडा. हे भांडण तसंच राह्यलं आहे, सुदामा. त्यात मी माघार घेतलेली नाही.

पेट्या पुऱ्या व्हायले आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तू मले कमरेपासून अंगठ्यापर्यंत सारा पाय शिकवला. खुब्याची उखळी दाखवली, तिच्यात तो गोळा अर्ध्याहून जास्त रुतून बसते अन् तरी चहूकडं फिरते. नडगीच्या बाहेरून जाणारं काडीसारखं दुसरं हाड दाखवलं. घोटा दाखवला तेव्हा तं मी ओरडलोच, कारण ते सरळ सरळ माझ्या हातचं काम होतं. दोन बाजूले दोन भिंती, वरून छत, अन् त्या खाचेत बरोबर बसणारी जीभ, आमी तिले कूस म्हणतो. चौकटीचा सांधा आमी असाच करतो. अन् पाऊल! एका पावलात सव्वीस हाडं. तू ती पेपरावर पसरली, डोळे मिटले, अन् एकेक चाचपून पाऊल जुळवलं. मधी कमान उभी राह्यली, चुना नाही, खिळा नाही. मी ती हाडं सव्वीस वेळा मोजली असतील.

तू सातवी शिकलेला, मी चौथी. त्या खोलीत आपल्यापेक्षा कमी शिकलेलं कोणी नव्हतं. पण नव्या पोरायले सांध्याचा उजवा-डावा समजला नाही की ती तुझ्याकडं येत, हळूच, सरांले न दिसता. मी ते पाहिलं आहे. तुले मास्तर व्हायचं होतं हे तू मले कधी सांगितलं नाही, पण मले ते तिथं समजलं.

*

रिटायर झाल्यावर तू दर शनिवारी गावच्या शाळेत पोरायले शिकवायचं धरलं. खडूनं फळ्यावर हाडं काढायचा. मग एक दिवस माझ्या पडवीत येऊन म्हणाला, मिस्त्री, खरं हाड आणता येत नाही, अन् पोरं भेतील. तू लाकडाचा पाय बनव, खुब्यापासून बोटापर्यंत. सांधे चालले पाहिजेत.

मी जुन्या चौकटीचं सागवान काढलं. खुबा असा जमला की गोळा उखळीत घातला तं हवेनं चप्प बसला, ओढावा लागला. तू त्याले कान लावून फिरवून पाहिलं होतं. घोटा तं माझाच. पावलाची सव्वीस हाडं मी कानशीनं घासून केली, त्यातच उन्हाळा गेला. अन् गुडघ्याले मी लोखंडाची बिजागरी लावली.

तू ती पाहिली अन् म्हणाला, हे नाही.

मी म्हटलं, कसं नाही? गुडघा पुढं जात नाही, बाजूले जात नाही, मागं मुडपते. दाराची बिजागरी तेवढंच करते. तू म्हणाला, गुडघा घरंगळते, घसरते, अन् शेवटी जरासा फिरते. तो फिरला की कुलूप लागते. म्हणून माणूस घंटा-घंटा उभा राह्यते अन् मांड्या थकत नाहीत. तुझा हा पाय उभा राहणार नाही.

नाही राह्यला. वरून हात ठेवला की गुडघ्यात मोडे, बसलेल्या उंटावानी. पण पन्नास वर्षांत बिजागरी चुकली असं मले कोणी म्हटलं नव्हतं. ज्या बिजागरीसाठी तू मले कॉलेजात नेलं होतं तिलेच तू नाव ठेवून राह्यला होता. मी दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागून कडी लावली. दाराले असते तशी, आकडा अन् कोयंडा. कडी लावली की पाय ताठ उभा. तुले बोलावलं, म्हटलं, घे तुझं कुलूप.

तू बाजेवर बसून इतका हसला की तुझा चष्मा पडला. "मिस्त्री," तू म्हणाला, "माणूस उभा राहताना मागं हात घालून कडी लावते का रे?"

आमची ही चहा घेऊन आली होती. तीबी हसली. म्हणाली, दोन म्हातारे, चार गुडघे दुखतात, अन् भांडण लाकडाच्या पाचव्यासाठी. तिच्यासमोर हसला तू, ते मले लागलं. मी पाय उचलून आत नेऊन ठेवला, त्यावर गोणपाट टाकलं, अन् तुले म्हटलं, तुझी शाळा तू पाह्य.

त्यानंतर पारावर दिसला तं रामराम-जयभीम, बस तेवढंच.

शेवटचा तू आला तो सोयाबीन काढणीच्या दिवसांत. काठी टेकत आला. तुझी तब्येत उतरलेली मले दिसत होती, पण मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तं मी नरमलो असं झालं असतं. तू बाजेवर बसला अन् कडीचा विषय काढलाच नाही. म्हणाला, एक कर. बाजेच्या काठावर बस, पाय लोंबकळू दे. एक बोट गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध ठेव. दुसरं बोट खाली नडगीवर जो उंचवटा असते, त्यावर. आता पाय हळूहळू सरळ कर. बोटं काय सांगतात ते मले सांग.

इतकंच काम होतं. बसायचं, दोन बोटं ठेवायची, पाय सरळ करायचा.

मी म्हटलं, मले आत्ता येळ नाही, रंधा लावून ठेवला आहे.

तू भुसा हातात घेऊन वास घेतला. म्हणाला, सागाचा वास बरा असते. मग गेला. दारातून वळून पाहिलं तू मायाकडं, अन् मी रंधा मारत राह्यलो. कामाचं लाकूडही नव्हतं धड खाली, सुदामा. मी नुसत्या फळीवर रंधा ओढून राह्यलो होतो.

*

गाडी गेली. लोक पांगले. घरी आलो, अन् ज्या हातानं तुझा गुडघा धरला होता तो हात धुवायचं मन होईना. तुझ्याच जागी बाजेवर बसलो. पाय सोडले. एक बोट वाटीवर ठेवलं, एक उंचवट्यावर. पाय मुडपलेला होता तेव्हा दोन्ही बोटं एका ओळीत होती, सुताच्या दोरीनं आखल्यावानी. पाय सरळ करत गेलो. बराच वेळ काही झालं नाही. अन् शेवटी, पाय सरळ व्हायले चार बोटं उरली असतील, तेव्हा खालचं बोट आपोआप बाहेर सरकलं.

माझ्याच पायात. सत्तर वर्षं वरती झाली, हा पाय माझ्याखाली आहे. रंध्यापुढं दिवस-दिवस मी याच्यावर उभा राह्यलो. दर वेळी उभं राहताना यानं मले न विचारता कुलूप लावलं, अन् दर वेळी चालताना उघडलं. अन् मी, बिजागरीचा मिस्त्री, म्हणत होतो की असं काही होत नाही.

मी पाच-सहा वेळा केलं. हिले बोलावलं, तिच्या पायावर करून पाहिलं. तिनं बी स्वतःची बोटं ठेवून पाहिली. मग म्हणाली, "हे भाऊजी सांगून राह्यले होते ते?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग येवढं कायले ताणलं तुमी?"

गोणपाट काढलं. कडी काढली, बिजागरी काढली. पाय बनवायच्या वेळेस तू खडूनं काढून दिलेला गुडघ्याचा नकाशा भिंतीजवळच्या फळीवर तसाच होता, मी तो पुसला नव्हता. हेही तुले सांगायचं राह्यलं. त्यात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाले दोन गोल काढले होते, दोन चाकांसारखे. आतलं चाक तू मोठं काढलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, तुले नीट काढता येत नाही. आता पाहिलं अन् कपाळावर हात मारला. बंडीचं एक चाक मोठं, एक लहान असलं तं बंडी सरळ जाईल का? मोठं चाक जास्त चालते अन् बंडी वळते. हे मी गावातल्या साऱ्या शेतकऱ्यांले सांगत आलो. तुले समजावून सांगायची गरजच नव्हती, तू माझ्याच धंद्यातलं काढून ठेवलं होतं.

तीन दिवस लागले. मांडीच्या टोकाले दोन चाकं कोरली, आतलं लांब. नडगीचं माथं जवळजवळ सपाट ठेवलं. मधी जुन्या टायरच्या दोन चंद्रकोरी बसवल्या. आत एकमेकीले काट मारून जाणाऱ्या चामड्याच्या दोन वाद्या, बैलाच्या जुन्या सामानातल्या. बाजूले दोन. पहिल्यांदा वाद्या सैल राह्यल्या, गुडघा लटपटला. दुसऱ्यांदा जास्त ताणल्या, मुडपेचना. तिसऱ्यांदा जमलं. मी पाय हळूहळू सरळ करत आणला. घरंगळला, घसरला, अन् शेवटाले, अगदी शेवटाले, नडगी जराशी बाहेर वळली. टक् असा आवाजही नाही. नुसतं वळून थांबली.

मी पाय जमिनीवर टेकवला अन् वरून तळहातानं दाबलं. मग दोन्ही हातांनी, अंगाचा सारा भार देऊन. गुडघा मोडला नाही.

त्या वेळी मले तुले हाक मारायची होती. हाक तोंडात आली होती.

तिकडं आता कोणीतरी पोरगी, पहिल्या वर्षाची, तुझा गुडघा उघडंल. तिले त्या काट मारलेल्या दोऱ्या दिसतील, चंद्रकोरी दिसतील, आत अंड्याच्या पांढऱ्यासारखं वंगण दिसंल, जे तू म्हणायचा की बंडीच्या वंगणासारखं कधी घालावं लागत नाही. तिले हे माहीत नसंल की हा गुडघा जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत मायासंगं पायी आलेला आहे, अन् एका अडाणी सुताराच्या दारात शेवटचा आला तेव्हा काठी टेकत आला होता. नसलं माहीत तरी चालंल. तू तिले शिकव. आता तुले सरांपासून लपून सांगायचं काम नाही.

पाय मी इथं आणला आहे, तुझ्या फोटोजवळ ठेवला आहे. सोमवारी गुरुजी शाळेत नेतील. विश्वकर्म्याचं मी सोडलेलं नाही, हे सुजातानंही ऐकून ठेवावं. गुडघ्याचं मात्र तुझं खरं होतं, अन् हे मी चार माणसांत म्हणून राह्यलो आहे.

एक सांगायचं राह्यलं. कडी काढली तिथं मागच्या बाजूले चार भोकं आहेत. दोन मांडीले, दोन नडगीले. साऱ्या गावाले माहीत आहे, माझ्या कामात कोणी भोक दाखवावं अन् माझी मिशी उतरवावी. भुसा होता, सरस होता, घडीभराचं काम होतं, बुजवून रंधा मारला असता तं तुलेही सापडली नसती. मी ती बुजवली नाहीत. पोरं विचारतील, हे भोकं कायचे. तं गुरुजींनी त्यायले सांगावं, की इथं मिस्त्रीनं कडी लावली होती, अन् सुदाम त्याले नाही म्हणत होता.